राहुरी सपाट नाही

टोपोशीटचे, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भूरूप नकाशाचे, दिवस संपले, असे हल्ली पुष्कळ जाणती माणसे ठामपणे सांगतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उपग्रहाचे छायाचित्र खिशात आले, ड्रोन पाहता पाहता अख्खे शिवार टिपून देतो, मोबाइलवर बोट ठेवले की त्या जागेची उंची दिसते, मग तपकिरी रेषांचे जाळे असलेला तो जुना कागद अजून कशासाठी वाचायचा? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरीसारख्या तालुक्याबद्दल तर याला आणखी एक पुस्ती जोडली जाते. डोंगरदऱ्यांच्या अकोले तालुक्याला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, लागत असतील, पण ऊस-कांद्याच्या या पट्ट्यात चढउतार आहेतच कुठे? आणि सगळ्यात वजनदार मुद्दा शेवटी येतो. पाणी कोणाला मिळणार हे मंत्रालयात ठरते, तिथे नकाशा वाचून काय होणार? हे तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात आणि तिसरा तर घातक वाटतो. मुळा आणि प्रवरेच्या पाण्यावर जगणाऱ्या तालुक्यात उंची हा सार्वजनिक व्यवहाराचा विषय आहे. ज्याला ती वाचता येत नाही, त्याला पाण्याबद्दल कोणीही काहीही सांगावे आणि त्याने ते मुकाट मानावे, अशी अवस्था होते.

आधी सपाटपणाचे पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत राहुरी शहर आणि मुळा धरण ही दोन्ही ४७ आय/११ या एकाच पत्रकावर येतात. त्याच्या खालचे पत्रक, ४७ आय/१२, अहिल्यानगर (नगर) शहराचे. दोन्ही १:५०,००० प्रमाणाची, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आणि लगतच्या दोन समोच्च रेषांमधले अंतर २० मीटर उंचीचे. ही दोन पत्रके खालीवर ठेवली की सपाटपणाचा समज टिकत नाही. राहुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ५१० मीटरवर आहे, नगर सुमारे ६५० मीटरवर. हा १४० मीटरचा फरक रस्त्यावर सारखा विभागलेला नाही. विळद घाटाच्या, गोरखनाथ गडाच्या, डोंगरगण-वांबोरीच्या बाजूला रेषा एकमेकींना खेटतात, आणि मुळेच्या काठाकडे त्या इतक्या विरळ होतात की पुढची रेषा शोधावी लागते. दख्खनचा बेसाल्ट थरांवर थर असा जवळजवळ आडवा पसरलेला असल्यामुळे इथली जमीन एकसारखी उतरत नाही, टप्प्याटप्प्याने उतरते. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गालाही पठारावरून या सखल भागात उतरताना विळद, वांबोरी असा मार्ग शोधावा लागला. पश्चिमेकडून मुळा आणि प्रवरा यांच्यामधली बाळेश्वराची डोंगररांग या खोऱ्याकडे उतरत येते. जे डोळ्यांना सपाट दिसते तो खरे तर मंद उतार असतो, आणि पाण्याला मंद उतारही पुरेसा कळतो. दोन रेषा नकाशावर चार सेंटिमीटर अंतरावर असतील तर जमिनीवर दोन किलोमीटरमध्ये २० मीटरचा उतार झाला, म्हणजे शंभरास एक. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला हा उतार जाणवतही नाही. पण एका पावसात माती वाहून न्यायला तो भरपूर आहे.

दर पावसाळ्यात जिल्ह्यातली वर्तमानपत्रे मुळा धरणाचे दोन आकडे छापतात: पाण्याची पातळी फुटांत आणि साठा दशलक्ष घनफुटांत. धरण भरले की पातळी १८१२ फूट आणि साठा २६ हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे २६ टीएमसी. हे दोन आकडे एकमेकांना कशाने बांधलेले आहेत, हे किती वाचकांना सांगता येईल? ते बांधलेले आहेत समोच्च रेषांनी. धरण होण्याआधी खोऱ्याची मोजणी झाली, प्रत्येक उंचीच्या रेषेच्या आत किती क्षेत्र येते ते काढले गेले, आणि लगतच्या दोन रेषांमध्ये किती पाणी मावेल याचा तक्ता तयार झाला. दरी वर रुंद होत जाते म्हणून काठाजवळच्या एका फुटात तळाच्या एका फुटापेक्षा कितीतरी पट पाणी असते. म्हणूनच 'धरण भरायला आता फक्त पाच फूट राहिले' या बातमीचा अर्थ ऐकणाऱ्याला वाटतो तितका किरकोळ नसतो. साडेचार टीएमसीचा मृतसाठा हीदेखील उंचीचीच गोष्ट आहे. कालव्याच्या दरवाजाच्या उंबऱ्याखाली राहिलेले पाणी कालव्यात चढत नाही. धरणात गाळ किती साठला याचे उत्तरही याच मार्गाने मिळते: आजची प्रत्येक पातळीवरची व्याप्ती मूळ रेषांशी ताडून पाहायची. टोपोशीट जुने झाले म्हणून फेकून द्या म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. धरणाआधीची जी पत्रके आहेत, त्यांत आज पाण्याखाली असलेल्या दरीचे उतार आणि तिला मिळणारे ओढे दिसतात. रस्ते बदलतात, वस्त्या वाढतात, विहिरी बुजतात. त्या बाबतीत जुना नकाशा खरोखर जुना होतो. जमिनीचा उतार मात्र माणसाच्या दोन-तीन पिढ्यांत सहसा बदलत नाही, आणि जिथे बदलतो तिथे बदल किती झाला हे समजायला जुना नकाशाच लागतो.

आता याच आकड्यांचा पुढचा हिशेब करू. १८१२ फूट म्हणजे साधारण ५५२ मीटर. राहुरी शहर त्याच्या चाळीसेक मीटर खाली आहे, म्हणून मुळेच्या कालव्यांचे पाणी आपल्या वजनाने राहुरीत आणि पुढे नेवासे, शेवगाव, पाथर्डीच्या लाभक्षेत्रात उतरते. नगर त्याच पातळीच्या शंभर मीटर वर आहे. म्हणून नगर शहराला मुळेचे पाणी विजेच्या बळावर चढवून न्यावे लागते. वांबोरी चारीचेही तेच: धरणातले पाणी पंपांनी उचलून नळातून राहुरी, नगर, नेवासे, पाथर्डी तालुक्यांतल्या तलावांकडे सोडायचे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, पंपात आणि नळात काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. एक टीएमसीसाठी हा आकडा सुमारे ७७ लाख युनिटांवर जातो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. म्हणजे पाथर्डीकडच्या एखाद्या तलावात पाणी येईल का, या प्रश्नाचा अर्धा भाग धरणात पाणी किती आहे हा असतो आणि उरलेला अर्धा वीजबिल कोण भरणार हा असतो. हा दुसरा अर्धा भाग सभेतल्या भाषणात सहसा येत नाही. नकाशावर मात्र तो पहिल्या नजरेत दिसतो.

मोबाइलवाल्यांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. रस्ता शोधायला, शेताची हद्द ढोबळ पाहायला, पीक कुठे कसे आहे हे कळायला त्या साधनांनी फार मोठी सोय केली आहे. पण उंचीच्या बाबतीत मोबाइल काय सांगतो ते नीट पाहिले पाहिजे. फोनमधल्या जीपीएसची मूळ उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते, आणि आपल्या भागात तो आकार आणि समुद्रसपाटी यांत पन्नास मीटरहून अधिक फरक आहे. काही ॲप ही दुरुस्ती करून आकडा दाखवतात, काही करत नाहीत. त्याखेरीज उंचीतली चूक आडव्या स्थानातल्या चुकीपेक्षा सहसा मोठी असते. पडद्यावरच्या नकाशात दिसणारी उंची बहुधा उपग्रही प्रतिमानातून आलेली असते. अशांपैकी जगभर सर्वाधिक वापरले गेलेले प्रतिमान फेब्रुवारी २००० मध्ये एका अंतराळयानावरच्या रडारने अकरा दिवसांत टिपले. त्याचे मान्य केलेले लक्ष्यच उंचीतली चूक १६ मीटरच्या आत ठेवण्याचे होते, आणि रडारला दाट झाडोरा किंवा इमारती लागल्या की तो त्यांचाच माथा जमीन समजू लागतो. आता कालव्याकडे पाहा. मोठा कालवा हजारो फुटांत एक फूट अशा उताराने चालतो. पाच हजारांस एक धरला तर वीस किलोमीटरच्या कालव्याचा सगळा उतार मिळून चार मीटर. ज्या साधनाची चूक कालव्याच्या अख्ख्या उतारापेक्षा मोठी असू शकते, त्याच्या भरवशावर 'आमचे शेत कालव्याच्या खाली आहे' हे कसे सिद्ध करणार?

इथे विरोधक योग्य तेच विचारतील: तुमच्या टोपोशीटच्या रेषाही २० मीटरच्या अंतराने आहेत, मग चार मीटरचा निकाल तो कागद तरी कसा देणार? तो देत नाहीच. टोपोशीट पाहून कोणी पोटचारी आखत नाही, त्यासाठी लेव्हल लावून जागेवर मोजणी करावी लागते. पण टोपोशीट जे देते ते उंचीच्या एकेका आकड्यातून कधीच मिळत नाही: आकार. जलविभाजक कुठून गेला आहे, कोणता ओढा मुळेकडे वळतो आणि कोणता प्रवरेकडे, धरण आणि गाव यांच्यामध्ये एखादा उंचवटा आडवा येतो का, आला तर त्याला वळसा घालणारी वाट आहे का. मोबाइल बिंदू दाखवतो, समोच्च रेषा नाते दाखवते. शिवाय त्या रेषा जमिनीवरच्या मोजणीच्या चौकटीत, ज्यांची उंची बारकाईने ठरवली आहे अशा खुणांना धरून काढलेल्या असतात. ज्याला हे नाते वाचता येते त्याला पुढचा प्रश्न सुचतो: सिंचन विभागाकडे या भागाचा बारीक अंतराच्या समोच्च रेषांचा आराखडा असणारच, तो दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्याला असा आराखडा असतो हेच ठाऊक नसते. माझा आग्रह कागदासाठी नाही. तोच नकाशा पडद्यावर पाहिला तरी काही बिघडत नाही, भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून १:५०,००० ची खुली मालिका नोंदणी करून फुकट उतरवून घेण्याची सोय केली आहेच. आग्रह आहे तो वाचण्याच्या विद्येसाठी. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत सपाट भागांसाठी २५ सेंटिमीटर अचूकतेच्या उंचीच्या माहितीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तसे झाले तर राहुरीच्या मळ्यांमधले हातभर चढउतारही नकाशावर येतील. माहिती अशी बारीक होत असताना ती वाचायला शिकवणे बंद करा, हा सल्ला मला समजत नाही.

आता राजकारणाचा मुद्दा. पाण्याचे वाटप सत्तेने होते हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी मुळा आणि भंडारदरा धरणांतून किती पाणी सोडायचे यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जो संघर्ष चालतो, त्यात २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश आहे, न्यायालये आहेत आणि प्रत्येक बाजूचे पुढारीही आहेत. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, पूर्ण पातळी १५२२ फूट, मुळेपेक्षा २९० फूट खाली. पाणी खाली जाऊ शकते एवढेच उंची सांगते, किती जावे हे ती सांगत नाही. इथपर्यंत विरोधकांचे बरोबर आहे. पण यातून नकाशा निरुपयोगी ठरत नाही, उलट त्याची गरज वाढते. कारण वाटपाच्या प्रत्येक निर्णयात दोन गोष्टी कालवलेल्या असतात, निसर्गाने घातलेली अट आणि माणसाने केलेली निवड. माणसाच्या निवडीला निसर्गाची अट म्हणून खपवणे ही पाण्याच्या राजकारणातली सर्वात जुनी युक्ती आहे. 'तुमचे गाव उंचावर आहे' हे वाक्य खरे असेल तर प्रश्न उपसा सिंचनाचा आणि विजेचा होतो. ते खोटे असेल तर प्रश्न चारी कोणी बुजवली, पाण्याची पाळी (आवर्तन) कोणी पळवली, दुरुस्तीचे पैसे कुठे गेले, असा होतो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रवाही कालव्याचा शेवट हा सुरुवातीपेक्षा खालच्याच पातळीवर असतो, तसे नसेल तर कालवा वाहणारच नाही. म्हणून टेलच्या लाभक्षेत्राला पाणी पोहोचत नसेल तर उंचीचे कारण तिथे मुळातच लागू होत नाही. कारण वरच्या उपशात, गळतीत किंवा व्यवस्थापनात शोधावे लागते.

हीच कसोटी पुढाऱ्याच्या आश्वासनालाही लावता येते, आणि लावली पाहिजे. कालव्याच्या वर असलेल्या गावाला 'कालव्याने पाणी आणून देतो' असे निवडणुकीत सांगितले जाते तेव्हा त्याचा खरा अर्थ पंपगृह, उंचावर चढणारी जलवाहिनी आणि दरवर्षीचे वीजबिल असा असतो. तो खर्च करावा की नाही हा लोकांनी ठरवण्याचा विषय आहे. पण तो खर्च आहे हे लोकांपासून दडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. अधिकाऱ्याची सबब आणि पुढाऱ्याची थाप, दोन्ही एकाच अज्ञानावर जगतात.

उंचीची किंमत काय असते हे पाहायचे तर प्रवरेच्या बाजूला यावे. कालवा म्हणजे अगदी थोडा उतार देऊन जमिनीवर खोदलेली समोच्च रेषाच असते: तिच्या खालची जमीन भिजते, वरची कोरडी राहते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी त्या रेषेखालची जमीन बागायती केली. देवळाली प्रवरेचा ऊस त्यातलाच. त्या रेषेच्या वरची जिरायती गावे, राहुरीच्या पश्चिम कडेची गावेही त्यांत आली, प्रवरेवरच्याच निळवंडे धरणाच्या कालव्यांची वाट पाहत राहिली. निळवंड्याच्या डाव्या कालव्यात पहिले पाणी मे २०२३ मध्ये सुटले, राहुरीकडे येणाऱ्या उजव्या कालव्यात त्यानंतर. या विलंबाला पैसा, पुनर्वसन, राजकीय इच्छाशक्ती अशी पुष्कळ कारणे आहेत. तरीही एकाच तालुक्यातल्या दोन शेतांच्या नशिबात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर पडले, आणि ते अंतर कुठे पडले हे ठरवले एका उंचीच्या रेषेने, ही गोष्ट उरतेच. दुसऱ्या टोकाला चिबड आणि खारवट झालेल्या जमिनी आहेत. कालवा वर, नदी खाली, आणि मधल्या बशीसारख्या सखल भागात पाझर साचत जातो; पाणी निघून जायला वाट नसेल तर उसाच्या मोहात दिलेले प्रत्येक जास्तीचे पाणी क्षार वर आणते. दख्खनच्या कालव्यांवर हे इंग्रजी अमदानीपासून होत आले आहे. निचऱ्याचा चर कुठून कुठे काढायचा हे ठरवायला पुन्हा उताराचेच चित्र लागते. पाणी आणण्यासाठी उंची वाचायची आणि पाणी काढण्यासाठी वाचायची नाही, असे चालत नाही.

पाणलोटाच्या कामांचा पुरावा तर याहून स्पष्ट आहे. 'माथा ते पायथा' हे सूत्र आपल्या जिल्ह्यात पाठ नसलेला कार्यकर्ता सापडणार नाही. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या दोन्ही गावांनी हे सूत्र जमिनीवर उतरवून दाखवले, तेही याच जिल्ह्यात. सलग समतल चर हे कामच समोच्च रेषेवर करायचे असते. चर उंचीच्या रेषेला सोडून गेला तर पाणी मुरवण्याऐवजी ते गोळा करून एका ठिकाणी फोडतो आणि तिथे नवी घळ पडते. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने महाराष्ट्राची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रे पाडली आहेत. त्यांच्या सीमा जलविभाजकांच्या, गावाच्या किंवा तालुक्याच्या हद्दीशी त्यांना देणेघेणे नाही. आणि तरी राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेत काय झाले? माथ्यावरची मेहनतीची कामे मागे पडली आणि यंत्राने ओढे-नाले खोल-रुंद करण्याचा सपाटा अनेक ठिकाणी लागला, कारण खोदलेला नाला डोळ्यांना दिसतो आणि माथ्यावरचा चर दिसत नाही. या योजनेच्या परिणामकारकतेवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने गंभीर प्रश्न उभे केले. ग्रामसभेत चार माणसांना जरी पाणलोटाचा नकाशा वाचता आला असता, तरी 'आधी वरचे काम का नाही?' हा प्रश्न यंत्र शिवारात शिरण्याआधी विचारला गेला असता. असा प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. राज्याच्या सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांच्या नकाशावर स्वतंत्र पाठ आहे, अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकातही विद्यार्थी या रेषा हाताळतात. पण तिथे बहुतेक वेळा काल्पनिक टेकडीच्या रेषा गिरवून गुण मिळवले जातात आणि स्वतःच्या गावाचे पत्रक मुलाच्या हाती पडत नाही. विद्या जुनी झाली असे म्हणण्याआधी ती आपण कधी कामाला लावली का, हे विचारायला हवे.

म्हणून राहुरी तालुक्यापुरती मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आपल्या शिवाराचा समोच्च रेषांचा नकाशा मोठा करून लावावा, त्यावर धरणाची पूर्ण पातळी, जवळच्या कालव्याची पातळी आणि गावठाणाची पातळी ठळक लिहावी. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पाणीवापर संस्थांनी आपल्या लाभक्षेत्राचा बारीक रेषांचा आराखडा विभागाकडून लेखी मागावा आणि प्रत्येक आवर्तनाच्या बैठकीत तो टेबलावर ठेवावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून याच तालुक्यात आहे आणि त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयही इथेच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी काही गावांची उताराची मोजणी करून ती गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावी. शाळांनी काल्पनिक टेकडी बाजूला ठेवून मुलांना ४७ आय/११ उघडून द्यावे आणि त्यांना आपले घर, आपली चारी आणि मुळेची पातळी शोधायला सांगावे. पुढच्या आवर्तनाआधी पाणीवापर संस्थेच्या बैठकीला जाल तेव्हा एवढे एक करा: कोणी 'तुमचे रान उंचावर आहे' म्हणाले, तर नकाशा मागा आणि किती मीटर, ते विचारा.